गालाच्या आतला बांध

"तोंड उघडं ठेवा, मामा," म्हणत डॉक्टरांनी बॅटरीचा उजेड आत मारला, आणि मग तो एकाच जागी धरून ठेवला. परभणीच्या दवाखान्यातला हा पोरगेला डॉक्टर एरवी मोठा बोलघेवडा. त्याची बडबड थांबली तेव्हाच मी काय ते ओळखलं.

शेवटी तो म्हणाला, "डाव्या गालात पांढरा चट्टा आहे. याला ल्यूकोप्लाकिया म्हणतात. बहुतेकांचा साधाच राहतो. काहींचा पुढे कॅन्सर होतो. तुकडा तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

एवढ्या बोलण्यातला मला एकच शब्द ऐकू आला. तुम्हालाही तोच आला असता.

मी बोरीच्या बाजारात हर्राशी पुकारायचो. हर्राशी म्हणजे लिलाव. ज्वारीचा ढीग समोर, भोवती व्यापारी, मधे मी. दुष्काळ सरून दोन हंगाम झाले होते, बाजार भरात होता. माझा आवाज असा, की मी बोरीत 'एक वार' म्हटलं की येलदरीच्या धरणातले मासे तळाला जायचे. यात फार तर निम्मं खोटं आहे. बोली चढवायची तर माणसाला फेकावं लागतं, आणि गालात तंबाखूचा बार असल्याशिवाय मला फेकता येत नसे. मिसरूड फुटल्यापासून बार एकाच जागी, डावा गाल आणि हिरडीच्या खोबणीत. चट्टा नेमका तिथेच उगवला. आधी जिभेला खरखरीत लागायचं, मग तिखट झोंबायला लागलं. चुन्याने भाजलं असेल, असं म्हणण्यात मी अख्खा पावसाळा घालवला.

कॅन्सर निघाला तर गाल कापतात, कधी जबडाही काढतात, एवढं ऐकून होतो. जबडा गेला की आवाज गेला. आवाज गेला की माझं बाकी उरतं काय?

माझी बायको कौसल्या पहिल्या दिवसापासून दवाखान्यात सोबत. मायेने येत होतीच, पण खरं कारण तिने एस्टीत सगळ्यांदेखत सांगितलं. "डाक्टर काय म्हन्ले ते मला सोता ऐकायचंय. तुमच्या तोंडून आलेलं चालायचं न्हाई. तुमी उंदराचा हत्ती करता, अन् खरा हत्ती आला की पदराखाली झाकता."

बायोप्सी ठरली. बायोप्सी म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. त्या सकाळी मी जे केलं ते कुणी करू नका. आमच्याकडे पाहुण्याच्या दारी जायचं तरी माणूस राखुंडीने तोंड घासून जातो. मी तर शिकलेल्या माणसासमोर आ वासणार होतो. राखुंडी घेतली, वर जाडं मीठ घेतलं, आणि घासता घासता चट्टाच निघाला तर बरं म्हणून बोटाला फडकं गुंडाळून असा घासला, की त्या जोरात तांब्याचा हंडा सोन्याचा झाला असता. रक्त आलं. चूळ भरली आणि ऐटीत जाऊन बसलो. गाल लाल कशाने, असं डॉक्टरांनी विचारलं, तर ठेच्याचं नाव सांगितलं.

सुईने गाल बधिर केला, तुकडा काढला, टाका घातला. तुकडा फॉर्मलिनमध्ये, म्हणजे मांस नासू नये म्हणून असतं त्या औषधी पाण्यात, बाटलीत बंद. तपासणी औरंगाबादला, आणि बाटली आम्हीच न्यायची. एस्टीत देवगाव फाट्यावर एकाने विचारलं, बाटलीत काय हाय? मी म्हटलं, येलदरीच्या मगरीची जीभ. तो उठून दुसऱ्या बाकावर गेला. कौसल्या हसली नाही. एरवी माझ्या थापांना ती तोंडात पदर धरून हसते. तेव्हा कळलं, हिला भ्या वाटायलंय.

अहवाल परभणीला आला. डॉक्टर म्हणाले, "मामा, यात वरचा थरच नाही. खरवडून गेलाय. नुसती सूज दिसते. आजार आहे की नाही, कशावरून सांगणार?"

कौसल्येने माझ्याकडे बघितलं आणि राखुंडी, मीठ, फडकं, सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. जखम भरू द्यायची, मग दुसरा तुकडा.

ते दिवस सगळ्यांत वाईट. तंबाखू बंद. बाजारात उभा राहायचो तर आवाज अर्ध्यातच बसायचा. एक व्यापारी म्हणाला, "काय मामा, रोजा धरला काय?" सगळे हसले, मीही हसलो, आणि हसताना जिभेने गाल चाचपला.

दुसऱ्या वेळी कौसल्या मोरीपाशी पहारा देत उभी. नुसत्या पाण्याची चूळ, बोट तोंडात घालायचं नाही. पुन्हा तुकडा, पुन्हा औरंगाबाद. निकालाला आम्ही समक्षच गेलो. तिथल्या डॉक्टरबाई शांत होत्या, आणि शांत डॉक्टरची मला तोवर धास्तीच बसली होती. म्हणाल्या, "या, तुमचा गाल तुम्हीच बघा."

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. माझा गाल जांभळा-गुलाबी! बाई सांगत गेल्या. जांभळं ते एपिथेलियम, म्हणजे गालाचं आतलं अस्तर. सगळ्यांत वर केराटिन, तळहाताला घट्टा पडतो तसला थर. तोच ओला होऊन पांढरा दिसतो. खाली पेशींच्या रांगा. तळच्या रांगेत काही पेशी गडद, फुगलेल्या, रांग मोडून उभ्या. त्याला डिसप्लेशिया म्हणतात, पेशींची बेशिस्त. आणि जांभळं संपून गुलाबी सुरू होतं तिथली हद्द म्हणजे बेसमेंट मेंब्रेन.

"या पेशी ती हद्द ओलांडून खाली घुसल्या, की कॅन्सर."

मी विचारलं, "म्हणजे बांध कोरलाय का, तेवढंच सांगा."

"कोरलेला नाही."

कौसल्येला तेवढ्यावर पटेना. "मला बघू द्या, बाई." आधी तिने दोन्ही डोळे मिटले, मग चुकीचा उघडला. बाईंनी काच हळूहळू सरकवली आणि कौसल्या ती हद्द या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेली, शेताच्या कडेने चालावं तशी.

"सलग हाय," ती म्हणाली, आणि स्टुलावर बसून रडायला लागली.

पुढे तो चट्टा सगळाच काढला. बाईंनी बजावलं होतं, हद्द शाबूत आहे ती आजची, तंबाखू पुन्हा धरली तर उद्याचं मी सांगणार नाही. मी धरली नाही. या दोन्ही डॉक्टरांचे उपकार माझ्या गालावर आहेत, आणि गाल रोज हलतो.

माझ्या लिहिण्यातलं निम्मं सोडून दिलंत तरी चालेल, पण एवढं धरा. गालात पांढरं दिसलं आणि पुसून निघेना, तर घासत बसू नका. आहे तसं दाखवा.

आता बाजाराच्या दिवशी हर्राशीला निघण्याआधी कौसल्या मला दारात उन्हाकडे तोंड करून बसवते. "आ करा." मी करतो. ती गाल बाजूला ओढून खालपर्यंत बघते. तेवढा वेळ मला एक शब्द बोलता येत नाही, आणि ती जे सांगेल ते मी ऐकून घेतो.