तोंडाचा तबला

अकोल्याच्या एका केबल चॅनलवर दर रविवारी मी मुलांना तोंडाने तबला वाजवायला शिकवते. बीटबॉक्सिंग म्हणा हवं तर, पोरं तसंच म्हणतात. ओठांसमोर कागदाचा कपटा धरायचा आणि ‘प’ म्हणून तो उडवायचा, हा पहिला धडा. ‘त’ फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडला पाहिजे, हा दुसरा. दर्यापूरच्या एका आईने फोन करून मला झाडलं होतं, “म्याडम, पोट्टं जेवता जेवता शितं उडवून राहिलं. तुमी या अन् भिंत पुसा!” म्हटलं, म्हणजे ‘प’ चांगला जमलाय त्याला. तिने फोन आपटला.

मी हे शिकले अमरावतीला, स्वयंपाकघरात. बाबा समोरच्या खोलीत तबला शिकवायचे. आधी बोल तोंडाने म्हणायचे, ते चोख आले की मगच तबल्याला हात लावायचा, अशी त्यांची शिस्त. बाहेर पोरं अडखळत घोकायची आणि मी आत पोळ्या लाटता लाटता त्यांच्याआधी म्हणून मोकळी व्हायचे. पण मुलींना बाबा शिकवत नसत. भावाला तबला मिळाला, त्याची हौस चार दिवसांत फिटली. मी मागितला तेव्हा बाबा हसले. “तोंडाची वाफ नको दवडू, तवा तापला तिकडे.” चिडून बोलले असते तर मी कदाचित विसरले असते. ते हसले, त्याचा राग मात्र राहिला.

कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मला त्यांच्याकडून एकच ऐकायचं होतं, की मला खरंच येतं. चाळिशी उलटली तरी ही भूक काही जात नाही. पण “विद्येचा तमाशा करून राहिली,” एवढंच ते आईला म्हणाले आणि त्यांनी बातम्या लावल्या.

मग एका रविवारी कार्यक्रम संपतो न संपतो तोच त्यांचा फोन. “झपतालाची खाली तू घाईत घेतली.” खाली म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा. म्हणजे स्वारी बघत होती तर! मी फणकारले, “मग येऊन सांगा ना पोरांना.”

आणि ते खरंच आले. कडक इस्त्रीचा झब्बा घालून, मूर्तिजापूरमार्गे एसटीने. बोटांचे सांधे धरल्यापासून त्यांचा तबला सुटलाय, त्यामुळे हातात काही नव्हतं. स्टुडिओत बसलेल्या पोरांनी त्यांना आधी सोयाबीनच्या थ्रेशरचा आवाज तोंडाने काढायला लावला, मग कागद उडवायला. ‘प’ म्हणताना कवळी निसटली तेव्हा ते स्वतःच सगळ्यांत जास्त हसले. मग त्यांनी झपताल म्हणून दाखवला. खाली इतकी निवांत, की माझी घाई मलाच कळली.

पुढे बसलेल्या एका मुलीने विचारलं, “आजोबा, म्याडमले तुमीच शिकवलं ना?”

मी ‘हो’ म्हणून मोकळी होणार होते. टीव्हीवर तेच बरं दिसतं.

“नाई,” बाबा म्हणाले. “मी पोरींले शिकवतच नव्हतो. हिनं तबला मागितला, मी दिला नाई.” मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “माह्या एकाही चेल्याले इच्यासारखं म्हणता येत नाई. चुकलंच माह्यं.”

मला आनंद झाला आणि तेवढाच संतापही आला. एवढंच बोलायचं होतं, तर इतकी वर्षं का लागली? आणि कॅमेऱ्यासमोर, पोरांच्या देखत माझ्या डोळ्यांना धारा लागल्या.

शूटिंग संपल्यावर निर्माता मला बाजूला घेऊन गेला. “ताई, हे शेवटचं बोलणं आपण काढून टाकू. आजोबांची शोभा होईल.”

मी बाबांकडे पाहिलं. ते पोरांच्या घोळक्यात बसून कुणाची तरी खाली नीट करत होते.

“ते तसंच राहू द्या,” मी म्हटलं. “कापायचंच असेल तर माझं रडणं कापा.”