कंपनी कुठली, शिफ्ट कुठली

आमच्याकडे अनोळखी माणसाला नाव नंतर विचारतात. आधी विचारतात, कंपनी कुठली? शिफ्ट कुठली? रोह्याच्या स्टेशनवर, अष्टमीच्या पुलावर, वरसे गावात खोली बघायला आलेल्या भाडेकरूला, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्याला. आणि विचारलं की समोरचा सांगतोच. मग गाव कुठलं, कुणाकडचे, असं करत करत कुठंतरी पाहुणेपणा निघतो आणि दोघांनाही बरं वाटतं. आमच्या मेल-ग्रुपचा पहिला नियमही तोच झाला. नव्या सभासदानं आत आल्यावर कंपनी, शिफ्ट आणि गाव सांगायचं. यात काही वावगं आहे असं तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. रोह्याच्या नदीपलीकडं, अष्टमीत माझा टायपिंगचा क्लास होता आणि त्यात एक कॉम्प्युटर नव्यानं आला होता. इंटरनेटची लाइन लागली तर लागली, नाहीतर दिवसभर नुसता मोडेमचा आरडाओरडा. आखातात नोकरीला असलेला आमच्या इथला एक इंजिनिअर सुट्टीवर आला होता, तो एक दिवस क्लासात येऊन बसला आणि म्हणाला, "ताई, आपल्या केमिकलवाल्यांचा एक ग्रुप काढू. पेण-रोह्याची माणसं तिकडंही आहेत, इकडंही आहेत. कामातली अडचण विचारतील, कुठं जागा निघाल्या ते सांगतील." फुकट ग्रुप काढून देणाऱ्या वेबसाइट तेव्हा नुकत्याच निघाल्या होत्या. ग्रुपचा मालक तो झाला आणि सांभाळायला मी. आलेला मेल वाचायचा, आत सोडायचा की अडवायचा ते ठरवायचं. मी मनात म्हटलं, महिला मंडळ सांभाळलंय मी, हे काय मोठं!

महिला मंडळ परवडलं. एक महाशय सगळं मोठ्या अक्षरांत लिहायचे, वाचताना कुणीतरी कानाशी ओरडतंय असं व्हायचं. व्हिसा देणारे एजंट घुसायचे. हा मेल दहा जणांना पाठवला नाही तर घरात वाईट होईल, असले शाप एक शिकलासवरलेला केमिस्ट इमानेइतबारे सगळ्यांना पाठवायचा. पेणवाले आणि रोहेवाले एकमेकांना टोमणे मारायचे. कुणाला ग्रुपातून बाहेर पडायचं असलं की तो 'मला काढा' असं सगळ्या जगाला कळवायचा, मग बाकीचे त्याला का जातोस म्हणून विचारत बसायचे. देवनागरी टाइप होत नसे, त्यामुळं सगळं मराठी इंग्रजी अक्षरांत, आणि त्यात मी वाचून वाचून डोकं धरायची.

पण मला ते आवडायचं हेही खरं. इकडच्या बऱ्याच जणांकडं कॉम्प्युटर नव्हता. पहिली शिफ्ट सुटली की ते सायकली लावून क्लासात यायचे, मी मेल छापून ठेवलेले असायचे, ते उभ्याउभ्या वाचायचे आणि उत्तर तोंडी सांगायचे. मी टाइप करायची. कपड्यांना कंपनीचा वास असायचा, तो नंतर संध्याकाळपर्यंत क्लासात रेंगाळायचा. पंप का धडधडतो, सील का गळतं, असले प्रश्न रोह्यातून जायचे आणि आखातातून उत्तरं यायची. तिकडं एक कोकणी मुसलमान म्हातारे ऑपरेटर होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. आधी इकडच्याच कंपन्यांत आयुष्य काढलेलं. त्यांचं उत्तर आलं की वाद मिटायचा.

खाडीकाठच्या खारेपाटातला एक मुलगा माझ्याकडंच टायपिंग शिकलेला होता. बाप मिठागरात काम करून गेला, घरात आई आणि हा, आता अष्टमीतच खोली घेऊन राहिलेले. कंपनीत ऑपरेटर, पण कित्येक वर्षं कॉन्ट्रॅक्टवरच. तो एकदा आला आणि क्लासाच्या मुली जाईपर्यंत नुसताच बसून राहिला. मग म्हणाला, "मॅडम, एक विचारायचा हाय. पन नाव नको."

त्याच्या रिअ‍ॅक्टरवर तापमान वाढलं की वाजणारा अलार्म होता. तो वारंवार वाजतो, बॅच थांबवावी लागते, म्हणून वरून सांगून त्याची वायरच काढून टाकली होती. आता आतला माल तापत गेला तर कळायचं कसं? काट्यावर डोळे लावून बसायचं, आणि डोळा लागला तर? काय करावं, हे त्याला चाचांना विचारायचं होतं.

"मग साहेबांना विचार की," मी म्हटलं.

"या वेळी परमनंटमधी माझा नंबर हाय मॅडम. आता तोंड उघडला तर गेला."

मी प्रश्न टाइप केला, खाली 'एक सभासद' लिहिलं, कंपनीचा पत्ता लागेल असं सगळं गाळलं. चाचांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. एरवी ते लांबलचक लिहीत, आधी सगळ्यांची खुशाली विचारत. या वेळी खुशालीबिशाली काही नव्हती. अलार्म जोडेपर्यंत बॅच घेऊ नकोस, लेखी दे, आणि एकटा थांबू नकोस, एवढंच.

त्याच्या पाठोपाठ आणखी एक मेल आला. हा सभासद नवीन होता. पेणला असतो, कारखान्यांच्या सेफ्टीचं काम बघतो, असं त्यानं आत येताना लिहिलं होतं. इंग्रजी सुरेख. कधी आवाज चढवायचा नाही, शाप पाठवायचा नाही, सगळ्यांचे आभार मानायचा. असा सभासद मिळाला म्हणून मी खूषच होते. एकदा पेणच्या कुणीतरी सहज विचारलं, कुणाकडचे तुम्ही? त्याचं उत्तर त्यानं दिलं नाही. मी दोनदा लिहिलं, रोह्याला आलात तर चहाला या. पेण काय लांब आहे? पुढच्या आठवड्यात येतो म्हणायचा आणि यायचा नाही. आमच्याकडं माणूस आपली ओळख लपवतो असं होत नाही, म्हणून तो लपवतोय हे मला सुचलंच नाही.

आता त्यानं विचारलं होतं, या मित्राला मदत करायची माझी इच्छा आहे, कुठला प्लांट, कुठली शिफ्ट, कळेल का?

मी तो मेल अडवला. मालकाला विचारून मग बघू म्हटलं आणि क्लासाच्या परीक्षेच्या गडबडीला लागले. संध्याकाळी लाइन लावून बघते तर मेल आत गेलेला, आणि त्याखाली पेणच्या एका निवृत्त फोरमनचं उत्तरही आलेलं. फोरमन म्हणजे देवमाणूस. त्यांनी लिहिलं होतं, अहो, हा आपल्या खारेपाटातलाच पोरगा दिसतो, सेकंड शिफ्टचा, याच्या बापाला मी ओळखत होतो, गुणी मुलगा आहे, याला जरूर मदत करा. कंपनीचं नावही होतं. मुलानं पूर्वी दिलेली ओळख आणि हा प्रश्न त्यांनी मायेनं एकत्र जोडून दिला होता.

मी अडवलेला मेल आत गेला कसा? मग कळलं की मालकानं त्या नव्या सभासदालाही ग्रुप सांभाळायचा अधिकार दिला होता. मला न विचारता. इंग्रजी चांगलं आहे, ताईंचा भार हलका होईल, म्हणून! मी संतापून त्याला काढायला गेले, तर मला काढताच येईना, ते फक्त मालकाला जमणार होतं. मालकाला लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "ताई, तुम्ही उगाच संशय घेता. माणूस सेफ्टीतला आहे, विचारणारच." फोरमनचा मेल पुसावा म्हणून धडपडले. तो मी पुसला, पण तोवर तो सगळ्यांच्या पेटीत जाऊन पडला होता.

मुलाला बोलावून सांगितलं. त्यानं फोरमनना शिवी दिली नाही. नुसतं विचारलं, "तो पेनवाला कोन हाय?"

"माहीत नाही रे."

"कोनालाच म्हाईत नाय?"

मी पेणला ओळखीच्या चौघांना विचारलं. कुणीच त्याला पाहिलेलं नव्हतं. ज्याला कुणी पाहिलं नाही असा माणूस पेणला राहूच शकत नाही, हे मला पेणच्याच माणसानं हसत सांगितलं, आणि मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून ग्रुपात काही लिहायचं म्हटलं की माझी बोटं अडखळायची. एवढे सगळे जण होते, कोण वाचतंय कुणाला ठाऊक? मी सगळ्यांना सावध करायला म्हणून चार ओळी लिहिल्या. त्या आत गेल्याच नाहीत. कुणीतरी अडवल्या.

मुलगा रोज कामाला जात होता. रोज मला वाटायचं, आज ह्याला गेटवरून परत पाठवतील. काहीच झालं नाही. सुपरवायझर नीट बोलायचा म्हणे, उलट जास्तच नीट. नदीवरून वारा आला की तो नेहमीचा वास यायचा आणि मी टायपिंगच्या मुलींना खिडक्या लावायला सांगायची. मुली म्हणायच्या, मॅडम, वास तर रोजचाच आहे. रोजचाच होता. मला मात्र त्यात काहीतरी वेगळं आहे असं सारखं वाटायचं.

मग एका सकाळी त्या पेणवाल्याचा मेल आला. आपल्या ग्रुपमधल्या एका तरुण सभासदाचं हार्दिक अभिनंदन, त्याच्या कष्टांचं चीज झालं, असा. नाव नव्हतं. खाली सगळ्यांची अभिनंदनं सुरू झाली, कशाबद्दल ते कुणाला माहीत नसताना. चाचांचं मात्र काही आलं नाही. मी क्लासात बसून तो मेल पुन्हा पुन्हा वाचला. शेवटी मशीन बंद केलं.

दुपारी मुलाची आई आली, मागून तो. आईच्या हातात पेढ्यांचा पुडा. "परमनंट झाला गो बाय माजा पोर! या आठवड्याला पयली शिफ्ट हाय, आता सुटताना साहेबानं कागद दिला, तसा घरी धावत आला. तुज्याच हातनं शिकला, आधी तुला." ती मुलींना पेढे वाटायला आत गेली. डोळे पुसत होती आणि हसत होती.

कागद दुपारी मिळाला होता. अभिनंदन सकाळी आलं होतं.

तो दारातच उभा राहिला. "मॅडम, ग्रुपातनं नाव काढा माजा."

"काढते. अलार्म जोडला का?"

"त्याच रिअ‍ॅक्टरला कायमचा लावलाय मना. अलार्म चालू हाय म्हनून शिफ्टला सही करायची, ती आता मीच करतो."

"आणि चालू आहे?"

त्यानं आत आईकडं बघितलं. "तिला नका सांगू."

मला त्याचा राग आला, मग त्याला धरून हलवावंसं वाटलं, मग नुसतीच भीती वाटली. काही बोलायच्या आत ती आली, पेढा माझ्या हातात कोंबला आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "लय वरसा जीवाला घोर व्हता गो. आता याला कसली भीती नाय, व्हय ना?"

तो माझ्याकडं बघत होता.

"कसलीच नाय," मी म्हटलं, आणि पेढा तोंडात टाकला.