मास्तरांच्या नावानं आलेले चंद्राचे फोटो

माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षी आम्ही नवरा-बायको दोघंही ठाणाकुशनूरच्या मराठी शाळेत शिकवत होतो. बातमी पंचायतीच्या रेडिओवर ऐकली. दुसऱ्याच दिवशी ह्यांनी डिक्शनरी पुढ्यात घेऊन दिल्लीतल्या एका परदेशी कचेरीला इंग्रजीत पत्र लिहिलं, की आमच्या शाळेसाठी चंद्राचे फोटो पाठवावेत. खाली सही केली आणि नावापुढं ‘हेडमास्तर’ असं लिहिलं. हेडमास्तर दुसरेच होते. मी म्हटलं, "असं खोटं कामून लिहायलाव?"

"साध्या मास्तरला कोण फोटो पाठवतंय?" ते म्हणाले आणि पाकीट चिकटवलं.

पंधरा दिवसांनी त्यांना कावीळ झाली. आधी गावातलं झाडपाल्याचं औषध, मग बैलगाडीनं औराद, तिथून मोटारीनं बिदर. दवाखान्यात चौथ्या दिवशी ते गेले. बत्तीस वर्षांचे होते. गल्लीतल्या लोकांनी बुद्धवंदना म्हटली, मी सगळ्यांबरोबर हात जोडले. मला रडू आलं नाही. बायका म्हणायच्या, हिला रडवा, न्हाईतर छातीत बसंल. एकीनं दंडाला जोरात चिमटा काढला. मी तिला म्हटलं, "दुखायलंय." त्या दिवसांत मी बोललेलं एवढंच मला आठवतं. दहाव्या दिवशी शाळेत गेले आणि हजेरी घेतली.

ते गेल्यावर महिन्यानं पाकीट आलं. जाड, खाकी, कडेला पुठ्ठा घातलेलं. पोस्टमन बराच वेळ दारात उभा होता. "अक्का, मास्टरसाब के नाम का है," तो म्हणाला. "वापस भेजूं क्या?"

मी हात पुढं केला. त्यानं पाकीट दिलं आणि सायकल हातात धरून चालत गेला.

आत वहीच्या दोन पानांएवढे अकरा फोटो होते. फुगलेल्या पांढऱ्या कपड्यातला माणूस, काचेच्या तोंडाचा. शिडी. धुळीत उमटलेला बुटाचा ठसा. काळ्या आभाळात अर्धी दिसणारी आपली पृथ्वी. मी ते एकेक करून जमिनीवर मांडले आणि बघत बसले. सुंदर वाटले असं म्हणता येणार नाही. नुसते बघत राहावेसे वाटले, कारण त्यात कुणी ओळखीचं नव्हतं.

आत्याबाई, माझ्या सासूबाई, शेजारी येऊन बसल्या. त्यांनी बुटाच्या ठशावर बोट ठेवलं. "ह्यो पाय कुणाचा?"

"तिथं गेलेल्या माणसाचा."

"अजून हाय तसाच?"

"तिथं वारा न्हाई, पाऊस न्हाई. पुसायला काईच न्हाई."

त्यांनी पदरानं डोळे पुसले, उठल्या आणि शेळीला पाला टाकायला गेल्या.

त्यानंतर आमच्या घरी येणाऱ्यांचं बोलणंच बदललं. आधी लोक यायचे, ते समोर बसून उसासे टाकायचे आणि मी काहीतरी बोलावं म्हणून वाट बघायचे. आता येणारा पहिल्यांदा फोटो मागायचा. मी सांगायची, हे अमुक, हे तमुक. सांगताना आवाज सरळ निघायचा. मला ते सोपं गेलं.

एक दिवस वरच्या आळीतले एक मोठे शेतकरी आले. मयतीला ते आले नव्हते. आमची गल्ली छप्पन्न साली बौद्ध झाली, तेव्हापासून त्यांच्या घरच्यांनी आमच्याकडं येणं सोडलंच होतं. त्याच्या आधीही ते कधी यायचे म्हणा. दारात उभं राहून म्हणाले, "बाई, ते चंद्राचे फोटू जरा भाईर आणा की."

मी म्हटलं, "आत या."

ते जागचे हलले नाहीत. मीही हलले नाही. मला राग आला होता असं आज कुणी म्हणेल, पण तेव्हा तोही येत नव्हता. शेवटी मी म्हटलं, "उद्या शाळेत लावायलेय. तिथं येऊन बघा." ते व्हय म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी मी फोटो शाळेच्या भिंतीवर डकवले. ते आले, चष्मा लावून अर्धा तास बघत राहिले. जाताना एवढंच म्हणाले, "मास्तर हुशार व्हता." मी वर्गात परत गेले.

पाकिटात एक छापील कार्डही होतं. पुढचे फोटो हवे असतील तर इथं खूण करा, सही करून परत पाठवा. मी खूण केली. मग त्यांच्या जुन्या कागदावरची इंग्रजी सही समोर ठेवून तशीच सही केली. का केली, ते सांगता येत नाही. ते वारले हे इंग्रजीत कसं लिहायचं ते मला माहीत होतं. लिहिलं नाही.

मग वर्षाला एक-दोन पाकिटं येत राहिली. चंद्रावर फिरणारी चार चाकांची गाडी आली. प्रत्येक वेळी कार्ड यायचं, मी त्यांची सही करायची. हात इतका बसला की पुढं नमुना लागेना. म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं, खरे हेडमास्तर बदलून गेले, तरी पत्त्यावर हेडमास्तर तेच होते.

सात वर्षांनी पाकिटाऐवजी निमंत्रण आलं. यंत्रानं मंगळावर उतरून काढलेले फोटो बिदरच्या एका कॉलेजात मांडणार होते, हेडमास्तरांनी अवश्य यावं. मी रजा टाकून सकाळच्या मोटारीनं गेले.

दारात टेबलाशी एक तरुण माणूस यादी घेऊन बसला होता. मी निमंत्रण पुढं केलं. त्यानं नाव शोधलं आणि माझ्या मागं बघितलं. "हेडमास्टर साहब नहीं आए?"

"वो गुजर गए," मी म्हटलं.

"कब?"

"सात साल हुए."

त्यानं यादीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "लेकिन कार्ड तो इसी साल आया था. दस्तखत भी है."

"मेरा है."

तो रागावला नाही. त्यानं नावावर रेघ मारली, मला माझं नाव विचारलं आणि बाजूला लिहून घेतलं. मी ती रेघ बघत होते. त्यानं उठून खुर्ची दिली.

थोड्या वेळानं आत गेले. मंगळाचे फोटो रंगीत होते. लाल माती, लाल दगड, लांबपर्यंत दगडच. खालच्या कोपऱ्यात त्या यंत्राचा स्वतःचा पाय दिसत होता. तिथं माणूस नव्हता. यंत्रच फोटो काढत होतं, यंत्रच पाठवत होतं. शेजारी उभे असलेले एक प्राध्यापक कुणाला तरी म्हणाले, अगदी आपल्या बिदरच्या माळासारखं दिसतंय. मला तसं दिसलं नाही. मी शेवटच्या फोटोपर्यंत गेले आणि बाहेर आले.

मोटार स्टँडवर मी भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुसला घेतला. पहिल्या घासाला कळलं की भूक लागली आहे. दुसरी बशी मागवली. खाताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं. समोरच्या बाकावरची बाई म्हणाली, "मिरची लागली का वो?" मी मान हलवली. तिनं तिचा तांब्या पुढं केला.

दिवस मावळायच्या आत घरी पोचले. आत्याबाई दारातच होत्या. "काय दाखवले?"

"दगड."

"दगड बघाया बिदरला गेलीस?"

"व्हय," मी म्हटलं. "आन् त्यांचं नाव यादीतनं काढाया लावलं."

त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. मग म्हणाल्या, "बरं केलंस. हात-पाय धू, भाकरी टाकायलेय."