सिसिन्नियाने लावलेली आग

सिसिन्निया बकऱ्या राखायची आणि उरलेल्या वेळात माणसांशी भांडायची. नवरा गेल्यावर तिच्या जिभेला आवर घालणारं कोणी उरलं नाही. इटलीच्या सार्डिनिया बेटातल्या त्या डोंगरावर दर उन्हाळ्याच्या शेवटी ती रान पेटवायची. सिस्टस नावाचं चिकट पानांचं झुडूप जळलं की हिवाळी पावसावर कोवळा चारा उगवायचा. मस्तकीची झुडपं मुळांतून पुन्हा फुटायची. घळीतल्या बुचाच्या ओकांना तर काहीच व्हायचं नाही. बाटल्यांची बुचं जिच्यापासून करतात ती साल इतकी जाड की आग बाहेरून चाटून निघून जायची. सरकारची बंदी होती. पण सरकार काय बकऱ्यांना चारा घालायला येणार होतं?

पेटवण्याआधी घळीकडे तोंड करून शिंग फुंकायचं, हा तिथला रिवाज. आत कोणी असेल त्याने बाहेर यायचं, मगच काडी ओढायची.

त्या वर्षी ती चढावर आली तेव्हा घळीतून कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले. धाकटा दीर आन्तिओको! वाटणी अजून व्हायची होती आणि हा बेटा सामाईक ओकांची साल गुपचूप सोलत होता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने शिंग फुंकलं. कुऱ्हाड थांबली, पण बाहेर कोणी आलं नाही.

“बस दडून, चोरा!” ती पुटपुटली. “ढुंगणाला चटका बसला की येशील पळत.”

आणि तिने काडी ओढली.

वायव्येचा वारा एकदम उठला. सिस्टस तडतडत पेटला आणि बघता बघता आग घळीत उतरली. एक रानडुकरीण पेटलेल्या पाठीने स्वतःच्याच पिलांना तुडवत वर धावली. कासवं जागच्या जागी भाजली. मग माणसाची किंकाळी आली.

शाल डोक्यावर घेऊन ती आत घुसली. आग आली तर बुचाच्या झाडाला बिलगायचं, हे तिथल्या प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक. आन्तिओको बिलगला होता, पण त्यानेच सोललेल्या, उघड्या लाल खोडाला. तिने त्याला ओढलं तेव्हा तळहातांची कातडी झाडालाच राहिली.

“शिंग ऐकलं नाहीस का रे मुडद्या?”

“ऐकलं, वहिनी... बाहेर आलो असतो तर तू गावभर चोर म्हणून ओरडली असतीस.”

दवाखान्यात पोलिसाने त्याला विचारलं, “आग कोणी लावली?”

“कोणी नाही, साहेब. माझीच सिगारेट.”

पोलीस गेला. सिसिन्नियाला रडू फुटलं. ज्याला ती जन्मभर शिव्या देत आली, त्यानेच तिला तुरुंगापासून वाचवलं होतं.

“वहिनी,” तो म्हणाला, “कुऱ्हाड ऐकली होतीस?”

नाही म्हणणं सोपं होतं. तिथे साक्षीला कोण होतं?

“ऐकली होती.”

“थांबली, तेही?”

“तेही.”

सकाळपासून तो पाणी पाणी करत होता. तिने चमचा ओठांशी नेला. त्याने ओठ मिटून घेतले. ती विनवत राहिली, “घे रे बाळा, एक घोट घे.” तो मरेपर्यंत तिच्या हातून पाणी प्यायला नाही.