अवसाबाईला दहापैकी नऊ

तुम्ही म्हणाल, एवढा शिकलेला माणूस, याला साधं आठवत कसं नाही? काय सांगू! मला त्या दुपारचं सगळं लख्ख आठवतं, आणि म्हणूनच मला शंका येते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला सगळं लख्ख आठवायला लागलं की खुशाल समजावं, त्यातलं निम्मं त्याने स्वतःच रचलेलं आहे. सहा वर्षं झाली असतील. की सात? बायकोला, म्हणजे कुसुमला विचारलं तर ती म्हणते, "वर्ष विसरलात तरी चालेल हो, काय बोललात ते विसरू नका म्हणजे झालं."

ते विसरता आलं असतं तर आणखी काय हवं होतं!

तर मी माझ्या मुलाचं, नितीनचं, लग्न स्वतःच्या तोंडाने जवळजवळ मोडलं. दोन विषयांत एम.ए., वर पीएच.डी., आयुष्यभर कॉलेजात शिकवलं, आणि एवढा उद्योग करायला मला पाऊण तासही लागला नाही.

नितीन तेहतीस वर्षांचा झाला होता. सात ठिकाणी बोलणी होऊन मोडली होती. शेवटी पुण्यात त्याच्याच ऑफिसातली एक मुलगी त्याला आवडली, वैशाली. माहेर पुणतांब्याचं, म्हणजे आमच्या कोपरगावापासून हाकेच्या अंतरावर. शेतकरी घर. पोरांचं ठरलं होतं, पण मुलीच्या आईचा होकार यायचा होता. आणि मध्ये आडवा आला पौष! पौषात सोयरिकीचं कुणी बोलत नाही. म्हणून त्या बाईंनी निरोप पाठवला, "हळदीकुंकवाच्या निमित्ताने रविवारी येऊन जाते. बोलायचं काही नाही, नुसतं घर बघायचं."

नितीनने फोनवर मला बजावलं, "बाबा, तुम्ही फक्त 'या, बसा' म्हणायचं. बाकी आई बोलेल."

मी ते चिठ्ठीवर लिहून चष्म्याच्या घरात ठेवलं. या, बसा. विसरायला नको!

पण रविवारच्या आधी बुधवार आला, आणि बुधवारी होती संक्रांत. आता तुम्हाला अवसाबाईबद्दल सांगितलंच पाहिजे, नाहीतर माझा गाढवपणा तुम्हाला नीट कळायचा नाही.

अवसाबाई ही एका जुन्या कादंबरीतली घरधनीण. नदीकाठी, मसणवट्याला लागून तिचं घर. कावळ्यांना ती नावाने हाका मारते. कुणाच्याही घरी गेली की पहिला प्रश्न, "मागचं दार आहे का? माणूस न्यायला पुढचं अरुंद पडतं." आणि तिचा नवरा कधीच मेलेला आहे. तो खुर्चीत बसलेला असतो आणि ती त्याला वेळच्या वेळी जेवायला वाढते. कारण तो गेला, हे तिने त्याला अजून सांगितलेलं नाही. त्याला वाईट वाटेल म्हणून!

मी लहानपणी ती एका मासिकातून क्रमशः वाचली आणि पुढे तिच्या रूपांतरांवर प्रबंध लिहिला. पण लिहिता लिहिता माझा जो गोंधळ झाला, तो आजतागायत मिटलेला नाही. खरी अवसाबाई कोणती? कादंबरीतली पांढरं नऊवारी नेसते, कमी बोलते, हसत नाही. नाटकात तिला काळी चंद्रकळा दिली आणि ती एकदम विनोदी झाली. नगरला मी तो प्रयोग पाहिला तेव्हा लोक खुर्च्यांवरून पडत होते. सिनेमात ती देखणी झाली आणि स्मशानात नाचली. मालिकेत तर तिला तुळशीपुढे दिवा लावून रडायला लावलं. डोळ्यांत माया घातली हो, अवसाबाईच्या डोळ्यांत माया! आणि आताच्या मोबाईलवरच्या मालिकेत ती तिशीची आहे, जीन्स घालते आणि नवऱ्याचे फोटो टाकते. सगळ्या वेगळ्या, तरी लोक प्रत्येकीला ओळखतात. कशावरून ओळखतात? मला विचारू नका. तीनशे पानं लिहूनही मला ते सांगता आलं नाही.

तर त्या मोबाईलवरच्या मालिकेमुळे आमच्या कॉलनीतल्या बायकांना अवसाबाईचं वेड लागलं होतं. महिला मंडळाच्या देशमुख वहिनींनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला 'अवसाबाई स्पर्धा' ठेवली.

"सणासुदीला मसणातली बाई?" कुसुमने विचारलं.

"अहो, काळ्या साड्या त्या दिवशी सगळ्यांनी काढलेल्याच असतात," देशमुख वहिनी म्हणाल्या. "वेगळा खर्च नाही!"

आणि परीक्षक कोण? मी! स्पर्धक तीनपासून आमच्या घरी येणार, मी त्यांना गुण देणार, मग सगळ्या हॉलमध्ये जाणार. कुसुम हॉलमध्ये वाणाची मांडामांड करायला गेली होती. घरात मी एकटा. हातात वही. कोणत्या अवसाबाईला प्रमाण मानायचं? नाटकातलीला जास्त गुण दिले तर कादंबरीवर अन्याय नाही का?

तीनला पाच कमी असताना बेल वाजली.

दारात एक उंच, काटक बाई. पन्नाशीच्या पुढची. काळी चंद्रकळा, डोक्यावरून पदर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. चेहऱ्यावर हसू नावाला नाही. घोडेगावच्या बाजारात बैल पारखावा तसं तिने मला खालून वरपर्यंत पाहिलं.

मी मनात म्हटलं, वा! साडी नाटकातली, पण नजर कादंबरीतली!

"सर तुमीच का?"

"मीच, मीच. या. अगदी वेळेवर आलात."

ती चपापली. "आमी येनार ते ठावं हुतं व्हय तुमाला?"

"म्हणजे काय! सकाळपासून वाट बघतोय."

ती आत आली. भिंतींवरून, छतावरून नजर फिरवली आणि म्हणाली, "मागनं दार हाय का?"

माझ्या हातून वही पडली. इतक्या सहज! नाटकातली नटी हे वाक्य डोळे वटारून म्हणायची.

"आहे ना!" मी म्हणालो. "चांगलं रुंद आहे. चार माणसं खांदा न बदलता बाहेर पडतील!"

"चार मानसं कशापायी?"

"अहो, चार हवीतच. मडकं धरणारा पुढे, तो वेगळा."

ती माझ्याकडे टक लावून पाहत राहिली. मग सावकाश म्हणाली, "धुन्या-भांड्याला जागा हाय का, ते इचारत हुते मी."

"भांडी? छान! हे तुमचं स्वतःचं दिसतंय, मूळ कादंबरीत नाही." आणि मी वहीत लिहिलं: स्वतंत्र भर, एक गुण.

ती खिडकीशी गेली. "कावळे लई हायेत हितं."

"घाट जवळ आहे ना! रोज कुणाचा तरी दहावा असतो. तुम्हाला सोयीचं!"

"मला?"

"तुम्हाला नाही तर कुणाला? बरं, यजमान कुठे आहेत?"

"गाडीत बसल्यात, भायेर."

"बसलेत! आणि उठत नाहीत?"

"कशाला उठतील? हळदीकुंकवाला गडीमानसाचं काय काम? मीच म्हनलं, बसा तितंच, हलू नगा."

मी टाळीच वाजवली. अहो, पन्नास वर्षं मी या बाईचा अभ्यास करतोय, एवढं जिवंत काम एकाही नटीने केलेलं नाही!

"आणि त्यांना अजून सांगितलेलं नाही ना?"

"काय सांगायचं?"

"की ते गेले म्हणून!"

"कोन गेलं?"

"यजमान, तुमचे यजमान!"

ती झटकन खिडकीबाहेर पाहायला लागली. मीही तिच्या शेजारी उभा राहून पाहिलं. फाटकाबाहेर जीप. जीपमध्ये टोपी घातलेला एक म्हातारा, मान मागे टाकलेली, तोंड उघडं.

"अप्रतिम!" मी ओरडलो. "खरा माणूस बसवलाय! बाकीच्या फार तर उशी आणतील!"

"आवो ऐकलं का!" तिने खिडकीतून हाक मारली. आवाज जरा कापरा होता. मला तो अभिनयच वाटला. म्हातारा दचकून उठला, "आँ? झालं का तुमचं?"

ती छातीवर हात ठेवून माझ्याकडे वळली. आणि मी, तिसऱ्या वर्गातल्या मुलीची पाठ थोपटावी तशा आवाजात म्हणालो, "बाई, दहापैकी नऊ. एक गुण कापावा लागतोय, राग मानू नका. तुमच्या डोळ्यांत थोडी माया दिसते. मसणातल्या बाईला ती शोभत नाही. ती मालिकावाल्यांनी घुसडलेली आहे."

तेवढ्यात कुसुम तिळगुळाचा डबा न्यायला घरी आली. तिने वैशालीने मोबाईलवर पाठवलेला आईचा फोटो पाहिलेला होता. मी? मला दाखवला होता म्हणे. मला नाटकाची जाहिरात वाटली असेल.

"अगंबाई! वैशालीच्या आई! तुम्ही आज?"

माझ्या पायाखालची जमीन, काय सांगू, नुसती सरकली नाही, गोदावरीत गेली. पौष होता, म्हणून लग्न हा शब्द त्या बाईने उच्चारला नव्हता. संक्रांत होती, म्हणून काळी साडी होती. आणि घर बघायला आलेली आई घर बघत होती! यात तिचं काय चुकलं?

कुसुमने पाट मांडला, हळदकुंकू लावलं, वाण दिलं. मी तिळगूळ पुढे केला. "तिळगूळ घ्या..." पुढचं तोंडातून फुटेना.

"गोड बोला," त्यांनीच पुरं केलं. "गोडच बोलले की सर." आणि त्या निघून गेल्या.

पाच मिनिटांत पहिल्या खऱ्या स्पर्धक आल्या. देशमुख वहिनी. काखेत उशी! मी त्यांना दहापैकी दहा दिले. पुढच्या आठही जणींना दहापैकी दहा दिले. कुणालाही काही बोलण्याची माझी हिंमतच उरली नव्हती.

संध्याकाळी नितीनचा फोन. "बाबा, त्या आज येऊन गेल्या म्हणे. तुम्ही काय बोललात?"

"या म्हणालो."

"आणि?"

मी आठवलं. कसं सांगू? 'बसा' म्हणायचं राहूनच गेलं होतं. बिचारी बाई शेवटपर्यंत उभी होती.

पौष संपेपर्यंत पुणतांब्याहून एक शब्द नाही. नितीन माझ्याशी हो-नाहीपुरतं बोलायचा. मी माफीचं पत्र लिहिलं, पाच वेळा. पाचव्या मसुद्यात अवसाबाईची रंगभूमीवरची परंपरा समजावून सांगताना तळटीपा आल्या, तेव्हा कुसुमने तो फाडून टाकला. रात्री मला वाटायचं, पोराचं आठवंही ठिकाण मोडलं, आणि या वेळी मुलीकडच्यांची काहीच चूक नाही.

माघ लागला आणि तिसऱ्या दिवशी फोन आला, "मुहूर्त बघा."

का? कसं? मी कुणाला विचारलं नाही. विचारलं आणि त्यांनी फेरविचार केला तर? लग्न झालं, सून आली, नात झाली. मी मनाशी समजूत करून घेतली की बाईंना माझ्या व्यासंगाची कदर असावी.

परवा नातीच्या बोरन्हाणाला विहीणबाई आल्या होत्या. ओसरीत बोरं निवडत बसल्या होत्या. आजूबाजूला कुणी नाही बघून मी धीर केला.

"विहीणबाई, एक विचारू? त्या संक्रांतीला एवढं सगळं होऊनही तुम्ही होकार कसा दिलात?"

"सर, खरं सांगू का? आमी त्या दिशी न्हाई म्हनायला आल्तो."

"नाही म्हणायला?"

"व्हय. रइवारी यायचं, पाव्हन्यावानी जेवायचं आन् मंग न्हाई म्हनायचं, ते बरं दिसत न्हाई. म्हनून आदीच आले. न्हाई म्हनायला पौष आडवा येत न्हाई."

"पण का? पोरात काही खोट?"

"पोरगं सोन्यावानी हाय. घोर तुमचा हुता. पोरगी म्हनाली, सासरा लई शिकलेला, पुस्तकं लिवतो. मला वाटलं, अशा घरात सुनंनं तोंड कसं उघडायचं? पावलापावलाला चूक काढील म्हातारा. धाकात मरंल माजी पोर."

"मग?"

"मंग तुमाला बघितलं." त्यांनी एक किडकं बोर बाजूला टाकलं. "तितंच मनात म्हनलं, ह्या मानसाचा काय धाक पडायचा कुनाला!"

खात्री केल्याशिवाय काही मानायचं नाही ही माझी जुनी सवय. मी तडक स्वयंपाकघरात गेलो आणि कुसुमला विचारलं, "हे खरं आहे का?"

"खरं आहे," ती म्हणाली. "मांडवातच सांगितलं होतं त्यांनी मला. नितीनला ठाऊक आहे, सुनेला ठाऊक आहे, देशमुख वहिनींनाही ठाऊक आहे. कॉलनीत एकट्या तुम्हालाच माहीत नव्हतं."