भाव न करणारं गिऱ्हाईक

आमच्या सासूबाईंना, म्हणजे येसूबाईंना, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची खोड जन्मापासून आहे. सासरे होते तोवर ते त्यावरून भांडत. मी लग्न होऊन आले तशी मीही भांडू लागले. मग तालुक्याच्या दवाखान्यातल्या लोकांनी त्याच खोडीचं रीतसर प्रशिक्षण दिलं, वर चहा-बिस्किटं दिली आणि गळ्यात अडकवायला ओळखपत्र दिलं. माकडाच्या हाती कोलीत द्यायचं तरी किती! त्या दिवसापासून मी भांडणं सोडून दिलं.

आमचा धंदा मासळीचा. आंजर्ल्याच्या खाडीवर आमची वाडी. सकाळी बंदरावरच्या लिलावात मासळी घ्यायची आणि वाडीवाडीने फिरून विकायची. पूर्वी सासूबाई पाटी डोक्यावर घेऊन चालत. आता मी स्कूटर चालवते, पाटी माझ्या पायांत आणि सासूबाई मागे. आरोळी त्या माझ्या कानाला लागून मारतात. मी एकदा म्हटलं, "आई, जरा हळू. मी बहिरी होईन." तर म्हणाल्या, "तशीपण तू ऐकतंस कधी, रेणुका?"

प्रशिक्षणाचं मूळ भिवात होतं. भिवा चिऱ्याच्या कामावरचा गवंडी, आमच्या शेजारचा. हसरा माणूस, पण मांदेलीच्या एका वाट्यासाठी पाटीशी तासभर उकिडवा बसून घासाघीस करणारा. एके सकाळी मात्र त्याने सासूबाईंनी सांगितलेला भाव मुकाट दिला आणि आत गेला. सासूबाई घरी आल्या त्या खुशीत. "आज भिवाला गंडवला!" म्हणून मला टाळी दिली. दुसऱ्या दिवशी कळलं की भिवाने स्वतःचं आयुष्य संपवलं. सासूबाई ओट्यावर बसल्या त्या दिवेलागणीपर्यंत उठल्या नाहीत. ती टाळी अजून माझ्या हाताला जाणवते, त्यांच्या हाताचं काय होत असेल देव जाणे.

पुढे दवाखान्यातली मृणाली नावाची समुपदेशक गावोगावच्या बायका-पुरुषांना त्या प्रशिक्षणाला गोळा करू लागली. अंगणवाडीच्या ताई, भजनी मंडळातले बुवा, रिक्षावाले, जे रोज चार दारांशी जातात ते सगळे. सासूबाईंनी तिला पहिल्याच दिवशी भिवाची गोष्ट सांगितली. मृणालीने ती नीट ऐकून घेतली. म्हणाली, "काकी, ते ओझं तुमचं नाही. एका गोष्टीवरून माणसाच्या मनातलं कुणालाच ओळखता येत नाही. पण नेहमीचा माणूस बदललेला दिसला तर थांबायचं आणि सरळ विचारायचं. विचारल्याने कुणाच्या डोक्यात विचार शिरत नाही. उलट त्याला बोलायला वाट मिळते."

यातलं 'सरळ विचारायचं' एवढं सासूबाईंनी गाठीला बांधलं. 'थांबायचं' वाटेत सांडलं.

पहिला बळी सोहम. त्याचं समुद्राकडे पर्यटकांसाठी घर आहे. त्याने एका सकाळी कानाला फोन लावून, न बघता सुरमई घेतली, भाव विचारलाच नाही. सासूबाईंनी त्याचं मनगट धरलं. "सोहम, खरा सांग. मरायचा विचार येतो काय मनात?" फोनवर त्याची होणारी बायको होती. पुढचा तासभर तिची समजूत काढण्यात गेला. सोहमची आई आमच्या दारात येऊन तावातावाने भांडून गेली. सासूबाई शांत होत्या. "नाय म्हणालान ना? मग बरां झालां," म्हणाल्या. कोळंबीची आमटी त्या संध्याकाळी त्यांनीच त्या घरी नेऊन दिली आणि भांडण मिटलं.

दुसरं खूळ फोन नंबरचं. मन फार खचलं तर बोलायला सरकारी नंबर आहे, चौदा-चार-सोळा. तो लोकांना पाठ व्हावा म्हणून सासूबाईंनी आरोळीतच घातला. "बांगडं घ्या, मांदेली घ्या, चौदा-चार-सोळा!" महिनाभर बायका मला विचारत होत्या, यातला बांगड्याचा भाव कुठला? हसा तुम्ही, पण वाडीत आता तो नंबर शेंबड्या पोराला पाठ आहे.

आता गंगाराम कंट्रोलरांकडे येते, कारण ही सगळी गोष्ट त्यांच्याचसाठी सांगत्ये. ते आमच्या वरच्या बौद्धवाडीतले. खेडच्या एसटी डेपोत कंट्रोलर होते. गाड्या पुकारायचं काम त्यांचं. त्यांचा आवाज असा की चिपळूणला जाणारा माणूस चुकून दापोलीच्या गाडीत बसला असेल तर खाली उतरायचा. निवृत्त होऊन गावी आले आणि तोच आवाज सासूबाईंच्या मासळीवर उलटला. "जयभीम, कंट्रोलर!" म्हणून ह्या पाटी उतरवायच्या आणि ते ओट्यावरूनच, "जयभीम. बांगडा कालच्या गाडीचा दिसतोय." तिथून जी जुंपायची, ती ऐकायला शेजारी कामं टाकून यायचे. मला तर वाटतं सासूबाई मुद्दाम एक शिळा बांगडा वर ठेवून जायच्या, त्यांना बोलायला सापडावं म्हणून.

मागच्या वर्षी त्यांची बायको कमळाकाकी वारली. यंदा त्यांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती खरखर, कान तोंडाशी नेला तर कळेल इतकीच. सुरुवातीला लोक यायचे. पण ऐकू न आलेलं पुन्हा विचारायचा माणसाला संकोच वाटतो, मग लोक नुसते मान हलवून निघून जाऊ लागले. दरवर्षी वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचायचा मान त्यांचा. यंदा ते विहारात फिरकलेच नाहीत. मुलगा धम्मदीप पनवेलला नोकरीला. तो फोन करायचा, पण आवाज नसलेला माणूस फोनवर काय बोलणार?

आणि कंट्रोलर भाव करेनासे झाले.

"घसा गेलाय त्यांचा, आई," मी म्हटलं.

"घसा गेलाय, बोटां हायत ना? नाक मुरडायला काय झालां?" सासूबाई म्हणाल्या. दोन-तीन फेऱ्या त्यांनी नुसतं बघितलं. शिळा बांगडा वर ठेवून बघितला. मांदेलीच्या वाट्याचा भाव दुप्पट सांगून बघितला. कंट्रोलरांनी नोट पुढे केली, मासळी घेतली. उरलेले पैसे घ्यायला हातसुद्धा पुढे केला नाही.

सासूबाईंनी पाटी बाजूला सारली आणि त्या पायरीवर बसल्या. शेजारच्या सत्यवतीकाकी, महिला मंडळाच्या अध्यक्ष, तांदूळ निवडत होत्या. दुपारच्या उजेडात, चार माणसं बघत असताना ही बाई आता तो प्रश्न विचारणार होती. पण मृणालीचं 'थांबायचं' सासूबाईंना त्या दिवशी आठवलं असावं. त्यांनी मला डोळ्यांनीच खुणावलं. मी सत्यवतीकाकींना पाटीतले बांगडे दाखवायच्या निमित्ताने लांब नेलं, आणि स्वतः मात्र कान तिकडेच ठेवला. घरातला गुण मलाही लागलाय.

"कंट्रोलर, जीव द्यायचा विचार येतो काय मनात?"

कंट्रोलरांचे ओठ हलले. सासूबाईंनी उठून कान त्यांच्या तोंडाशी नेला. मला शब्द ऐकू आला नाही, पण सासूबाईंचा चेहरा दिसला. मला वाटलं, आता ह्या रडणार, नाहीतर 'असलां बोलू नये' म्हणून ओरडणार. त्यांनी यातलं काही केलं नाही.

"बरां झालां सांगितलात," त्या म्हणाल्या. "आता मी काय उठत नाय इथून."

त्यांनी जागेवरूनच मृणालीला फोन लावला. तिने जे जे सांगितलं ते झालं. सत्यवतीकाकी चहा घेऊन आल्या त्या तिथेच राहिल्या. धम्मदीपला कळवलं, तो रात्र व्हायच्या आत पोचला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं, औषधं सुरू झाली. घरातल्या काही वस्तू सध्या घरात नकोत असं मृणाली म्हणाली, त्या सत्यवतीकाकींनी 'उसन्या' म्हणून नेल्या. आजतागायत परत दिलेल्या नाहीत. आमची पाटी तशीच उन्हात राहिली आणि सगळे बांगडे वाया गेले. मी त्यावर चकार शब्द काढला नाही, ही माझ्या आयुष्यातली मोठी गोष्ट आहे.

औषधाला वेळ लागतो असं डॉक्टरांनी बजावलं होतं. धम्मदीपने रजा काढली, वाडीने सोबतीची पाळी लावली. पण कंट्रोलर भिंतीकडे तोंड करून बसायचे ते बसायचेच. सोबतीला गेलेली माणसं कंटाळून आपापले फोन बघायची. मला ते दिसायचं आणि धडकी भरायची. एवढी माणसं घरात, आणि तो माणूस कुणाच्यातच नाही.

तेव्हा सासूबाई आणि सत्यवतीकाकी यांची माजघरात खलबतं झाली. ठरलं असं की वर्षावासाचं राहिलेलं वाचन विहाराऐवजी कंट्रोलरांच्या पडवीत करायचं. धम्मदीपने वडिलांना विचारलं. त्यांनी खांदे उडवले. मृणाली म्हणाली, "चांगलंच आहे. पण वाचणार कोण?"

"दादू," सत्यवतीकाकी म्हणाल्या. आणि दोघी एकमेकींकडे बघून अशा हसल्या की मला संशय आला.

दादू रिक्षा चालवतो. मनाने सोनं, पण वाचतो कसा, तर रिक्षा चालवतो तसाच. खड्डा बघत नाही, वळण बघत नाही, थांब्यावर थांबत नाही. पूर्णविराम ओलांडून पुढच्या वाक्यात घुसतो, ओळ गाळतो, मग सापडली की मागे येऊन तीच पुन्हा वाचतो. पहिल्या संध्याकाळी लोकांनी पदरांत तोंडं लपवली. कंट्रोलर भिंतीकडे बघत होते. दुसऱ्या संध्याकाळी त्यांचा पाय हलू लागला. तिसऱ्या वेळी दादूने अख्खा परिच्छेद एका श्वासात गिळला, तेव्हा भिंतीकडून काठी आपटल्याचा आवाज आला. दादू दचकून थांबला. काठी पुन्हा आपटली. 'मागे घे,' असा त्याचा अर्थ, तो डेपोतल्या ड्रायव्हरांना कळला असता, तसा रिक्षावाल्यालाही कळला. दादूने वाक्य पुन्हा वाचलं. पुन्हा काठी. शेवटी कंट्रोलर उठले, दादूच्या शेजारी येऊन बसले आणि ओळीखाली बोट धरलं.

मग ते रोजचंच झालं. पुढे पुढे वाचनाच्या आधी दादूला बोलावून सराव घेऊ लागले. कुठे थांबायचं ते बोटाने, कुठे आवाज चढवायचा ते भुवईने. दादूला संशय यायला बराच वेळ लागला.

"काकी, खरा सांगा. माझा वाचन वायट हाय म्हणून मला निवडलांव?"

"व्हय," सत्यवतीकाकी म्हणाल्या. "पण आता सुधारायला लागलास. वाईच दमाने सुधार."

हे ऐकून कुणाला वाटेल, काठी आपटली आणि सगळं छान झालं. तसं काही झालं नाही. मधेच दोन वाईट दिवस आले, मृणालीला पुन्हा यावं लागलं, औषध बदललं. धम्मदीप परत कामावर गेला तेव्हा आम्ही सगळे धास्तावलो होतो. सासूबाई फेरीला जाताना बौद्धवाडीच्या चढावर गप्प व्हायच्या. आरोळी नाही, माझ्या कानाला आराम, आणि तो आराम मला नकोसा वाटायचा. कंट्रोलर ओट्यावर येत, नोट देत, मासळी घेत. भाव नाही.

अश्विनातली गोष्ट. वर्षावास संपत आला होता. पाटीत बांगडेच होते, ताजे. सासूबाईंनी जाताना शेजारणीच्या फ्रीजमधून एक शिळा मागून घेतला होता, सवयीने.

"जयभीम, कंट्रोलर. घ्या बांगडं," म्हणून त्यांनी असा भाव सांगितला की मलाच लाज वाटली.

कंट्रोलरांनी खिशातून नोट काढली. म्हटलं, आजही तेच. पण नोट त्यांच्या हातातच राहिली. ते वाकले. वरचा बांगडा उचलला, कल्ला उघडला, आत बघितलं. मग वर सासूबाईंकडे बघितलं, आणि नाक मुरडलं. नोट खिशात गेली. निम्म्या भावाची बोटं वर आली.

"निम्म्यात?" सासूबाई किंचाळल्या. "कंट्रोलर, काय लुटायला बसलांव काय? माझ्या पाटीवर दरोडा!"

बोटं तशीच. सत्यवतीकाकी तांदूळ टाकून आल्या. दादू रिक्षा थांबवून आला. सासूबाईंनी छाती बडवली, पाटी उचलली, चार पावलं गेल्या, परत आल्या, मला साक्षीला ओढलं, त्यांच्या खानदानाचा आणि डेपोचा उद्धार केला. कंट्रोलर बोटं खाली घेईनात. शेवटी मासळी निम्म्याच भावात गेली. शिळा बांगडा त्यांनी दोन बोटांनी धरून सासूबाईंच्या पाटीत परत टाकला आणि ओठ हलवले. सासूबाईंनी धावत जाऊन कान पुढे केला.

स्कूटर चढ उतरून वळणावर आली तेव्हा मागून त्या म्हणाल्या, "थांब गो." मी थांबवली. त्या पदराने डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या.

"काय म्हणाले?"

"म्हणालान, उद्या ताजा आण." त्यांनी नाक शिंकरलं. "उद्या म्हणालान, रेणुका."

आणि माझ्या कानाला लागून त्यांनी अशी आरोळी ठोकली की आंब्यावरचे कावळे उडाले.