शेल्याचं टोक

माझे यजमान गेले त्यानंतर बरीच वर्षं मी सिद्धेश्वराच्या देवळात पाय ठेवला नाही. तळ्याच्या कडेनं जायची वेळ आली तरी मान दुसरीकडे वळवून जायची. लोक म्हणायचे, भाग्यवान माणूस, नंदीध्वजाची सेवा करता करता गेला, सिद्धराम देवानंच जवळ बोलावून घेतलं. मला ते ऐकवत नसे. बोलवायचंच होतं तर म्हातारपणी बोलवायचं, पन्नाशीतल्या माणसाला भरल्या ताटावरून कशाला उठवायचं? मी देवाशी भांडत नव्हते. मी त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं.

आमच्या घरात संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज पेलायची सेवा सासऱ्यांच्याही आधीपासूनची. तो उंच, जड ध्वज कमरेशी पेलून तोल सांभाळत चालायचं, म्हणून कमरेला लांब शेला घट्ट आवळावा लागतो. आमच्या घरची रीत अशी, की घरातल्या बाईनं शेल्याचं टोक ताणून धरायचं आणि पेलणाऱ्यानं गिरक्या घेत तो स्वतःभोवती गुंडाळत तिच्यापर्यंत यायचं. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी ते टोक माझ्या हाती दिलं. आधी यजमानांसाठी धरलं, ते गेल्यावर धाकट्या दिरासाठी धरत राहिले. देवावर रुसले होते, दिरावर नव्हते. मी आले तेव्हा तो पाटी घेऊन शाळेत जायचा, माझ्याच हातचं खाऊन मोठा झाला. त्यानं लग्न केलं नाही. घरात आता आम्ही दोघंच. शेला बांधून दिला की मी आत जायची, मिरवणूक बघायला दारात कधी येत नसे.

गेल्या दिवाळीनंतर नेहमीप्रमाणे सराव सुरू झाला. एका संध्याकाळी तो गिरक्या घेत येत होता आणि मध्येच थांबला. बेंबीच्या खाली, उजव्या अंगाला त्यानं हात दाबून धरला.

"वैनी, जरा थांब की," तो म्हणाला. "हितं काहीतरी उडतंय."

यजमान गेले त्या वर्षी, याच खोलीत, याच जागी हात ठेवून ते हेच म्हणाले होते. शब्दसुद्धा हाच, उडतंय. तेव्हा आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पेलणाऱ्या माणसाचं तिथं दुखायचंच, आणि दुखलं की शेला सैल राहिला असं समजून आणखी आवळायचा, असंच सगळे करत आले. आम्हीही तेच केलं, वर गरम हळदीचा लेप लावला. थोड्याच दिवसांत ते जेवता जेवता पोट धरून आडवे झाले, पांढरेफटक पडले. दवाखान्याच्या वाटेवरच सगळं संपलं. हार्ट असेल, असं कुणीतरी म्हणालं आणि आम्ही ते मानलं.

दीर म्हणाला, "ओढ टोक. आवळलं की थांबंल."

मी टोक सोडून दिलं. शेला जमिनीवर पडला. आमच्यात तो जमिनीला लागू देत नाहीत, त्यामुळे तो माझ्यावर भयंकर चिडला, जेवलाही नाही. मला मात्र कुणीतरी मुठीची बोटं उलगडावीत तसं झालं होतं. ते मी ठरवून केलं नव्हतं. सकाळ होताच त्याला ओढतच डॉक्टरांकडे नेलं.

सोनोग्राफी झाली, मग स्कॅन झाला. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. पोटातली मोठी धमनी खाली येऊन दोन फांद्या होऊन पायांकडे जाते, त्यातली उजवीकडची कमरेच्या पोकळीत फुगली होती, सायकलची ट्यूब एका जागी फुगते तशी. फुटली तर दवाखाना गाठायलाही वेळ मिळत नाही पुष्कळदा. मग त्यांनी विचारलं, घरात कुणी असं अचानक गेलंय का? मीच सगळं सांगितलं. ते हलक्या आवाजात म्हणाले, आता खात्रीनं सांगता येणार नाही, पण बहुतेक हेच असावं. भावाभावांत हे चालत येतं.

उपायही त्यांनी समजावला. पोट उघडायचं नाही. जांघेत एक बारीक छेद, त्यातून तार, तारेवरून कापडाचं अस्तर असलेली नळी फुगलेल्या जागी नेऊन बसवायची, म्हणजे रक्त नळीतून जाईल आणि फुगलेल्या भिंतीवर ताण येणार नाही. तिची कुल्ह्याकडे जाणारी एक छोटी फांदी तारेची बारीक वेटोळी घालून बंद करायची. दीर ऐकत होता. मी मात्र उठून बाहेर आले आणि पदरात तोंड घालून रडले. इतकी वर्षं मी ज्याला देवाचं बोलावणं म्हणून कोसत होते त्याला नाव होतं, औषध होतं. माझ्या माणसाचं पोटसुद्धा फाडावं लागलं नसतं. नवरा त्या दिवशी मला दुसऱ्यांदा गेला.

दीर बाहेर आला तो एकच धरून, संक्रांत झाल्यावर करू. एवढी सेवा चुकवायची नाही. शेजारच्या बाकावर एक वयस्कर मुसलमान गृहस्थ बसले होते, टेंभुर्णीचे, पूर्वी ट्रक चालवायचे. त्यांची अशीच नळी बसवून झाली होती, तपासणीला आले होते. आमचं बोलणं त्यांच्या कानावर पडलंच असणार. ते दिराकडे वळले.

"भाऊ, माजीबी गाडी चालवायची सुटली," ते म्हणाले. "लई रडलो मी. पर तुमचा देव कुटं जात न्हाय. पुढल्या वर्साला बी तो हितंच हाय. तुमी ऱ्हायला पायजे की."

थोड्या वेळानं दीर उठला आणि आत जाऊन डॉक्टरांना हो म्हणाला. मी मागे वळले तर त्या गृहस्थांना आत बोलावलं होतं. त्यांचं नावही विचारायचं राहिलं.

सगळं नीट पार पडलं. मी बाहेर बसून होते आणि बऱ्याच वर्षांनी माझ्या तोंडात सिद्धरामाचं नाव आलं. मागणं काहीच नव्हतं, नुसतं नाव घेत राहिले. दीर घरी आला. जांघेत छोटीशी पट्टी होती, तीही निघाली. ती फांदी बंद केल्यानं आता थोडं चाललं की त्याच्या उजव्या कुल्ह्यात भरून येतं, थांबावं लागतं. नंदीध्वज पुन्हा पेलायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे.

संक्रांतीला आमचा मान चुलत दिरानं सांभाळला. हलग्यांचा आवाज गल्लीत आला तेव्हा मी पहिल्यांदा दार उघडून उंबऱ्याबाहेर आले. सेवेकऱ्यांचा पांढरा अंगरखा, बाराबंदी, घालून दीर माझ्याशेजारी उभा होता, रिकाम्या हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. ध्वज समोर आला, मी पाणी घातलं, हार दिला. दीर "हर्र बोला हर्र" असा जयघोष करून माझ्याकडे वळला.

"वैनी," तो हळूच म्हणाला, "दादाला कुणी सांगितलं असतं तर?"

याचं उत्तर देवाकडे असेल, मी ते मागायचं सोडलं आहे. मला एवढंच ठाऊक आहे, की त्या संध्याकाळी दिराच्या तोंडून तोच 'उडतंय' शब्द आला नसता तर मी टोक ओढलं असतं.

"दादाच सांगून गेला," मी म्हटलं. "तुझ्यासाठी माझ्यापाशी ठेवून गेला."

ध्वज पुढे गेला. आम्ही दोघं थांबत थांबत त्याच्यामागे देवळापर्यंत चालत गेलो.